जळतंय म्हणजे लागू पडतंय? आत्याचे 41 हजार कसे गेले

परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर एक टोळी फिरते. टोळी हा शब्द मी विचार करून वापरतेय. एक जण रस्त्यावर गाठतो, दुसरा दुकानात वैद्य म्हणून बसतो, तिसरा टॅक्सीने घरापर्यंत येऊन पैसे घेऊन जातो. सावज म्हणजे ओपीडीतून हळूहळू बाहेर पडणारी, एकटी, म्हातारी माणसं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या आत्याला गाठलं. नसांच्या दुखण्यावर मिरचीचा अर्क, हे त्यांचं आमिष होतं. त्यातली मिरचीची बाजू खोटी नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. सगळंच थोतांड असतं तर आत्याने त्याला पहिल्याच वाक्याला हाकलला असता.

आत्या 68 वर्षांची. मिल बंद पडल्यावर तिने घरगुती मसाल्याच्या ऑर्डरी घेऊन दोन मुलांची शिक्षणं केली. बेडगी, संकेश्वरी, लवंगी गच्चीत वाळवायच्या, देठ काढायचे, भाजायच्या आणि लालबागला डंकावरून कुटून आणायच्या. मिरचीची आग काय असते हे तिला कुणी सांगायची गरज नाही.

तिला नागीण झाली ती उजव्या बाजूला, पाठीपासून छातीच्या खालपर्यंत. लहानपणी कांजण्या झालेल्या असतात, तोच विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेने पुन्हा वर येतो. चाळीत मात्र ‘वेढा पुरा झाला की माणूस जातो’ हेच चालू. खरं तर पट्टा त्या एका नसेपुरता, म्हणजे एकाच बाजूला असतो, तो सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. आत्याचे ते तास गेरू लावण्यात आणि उतरवणाऱ्या बाबाची वाट बघण्यात गेले.

फोड वाळले, खपल्या पडल्या, दुखणं राहिलं. डॉक्टर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नस स्वतःच बिघडते आणि काही झालेलं नसतानाही दुखण्याचे निरोप पाठवत राहते. ब्लाऊजचं कापड घासलं तरी आत्या कळवळायची, पंख्याचा वारा सोसायचा नाही. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा यावर फारसा उपयोग होत नाही. तिला प्रीगॅबॅलिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध दिलं होतं, त्याने दुखणं कमी व्हायचं पण दिवसभर गुंगी. “माका काय सुधारत नाय, नुसती झोप येता,” असं ती सगळ्यांना सांगायची. बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या बाईलाही तिने तेच सांगितलं असणार, आणि तिथूनच कुणीतरी ऐकलं असणार.

तो माणूस पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात एक्स-रेची मोठी पिशवी. पिशवीमुळे तोही पेशंटचाच नातेवाईक वाटतो. “मावशे, खयच्या गावची गो तू?” अशी सुरुवात. आत्या कणकवलीकडची म्हटल्यावर तो देवगडचा निघाला. त्याच्या आवशीक पण असाच झालेला, तीन वर्षं रडत होती, मग एका वैद्याने मिरचीच्या तेलाने बरी केली. पैसे मागितले नाहीत, पत्ता द्यायलाही आढेवेढे घेतले. ‘ते कुणाला सांगत नाहीत, गर्दी होते.’ शेवटी आत्यानेच गळ घातली. आमच्या इमारतीतल्या एका गुजराती काकींना काही आठवड्यांनी असाच एक जण भेटला. तेव्हा तो गुजराती बोलत होता आणि दुखणं त्याच्या आईच्या गुडघ्यांचं होतं.

दुकान आतल्या गल्लीत. काचेच्या बरण्या, धन्वंतरीचा फोटो, ‘मधुमेह, नसा, सांधे मुळापासून’ असा बोर्ड. वैद्याने आत्याला एका वर्तमानपत्राचं लॅमिनेट केलेलं कात्रण दाखवलं, मिरचीवर नोबेल मिळाल्याचं. कात्रण खोटं नसावं. 2021चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं. मिरची ज्यामुळे झोंबते त्या कॅप्सेसिनचा वापर करून ज्युलियस यांनी मज्जातंतूंवरचा उष्णता ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा घटक, शोधून काढला होता. पारितोषिक त्या शोधाला मिळालं. गल्लीतल्या तेलाशी त्याचा संबंध तेवढाच, जेवढा न्यूटनचा सफरचंद विकणाऱ्याशी.

मग भाव. “साठ रुपये,” वैद्य म्हणाला. आत्याला वाटलं डबीचे साठ. तिने मान हलवल्याबरोबर पोऱ्याने तीन बरण्यांतल्या पुडी काढून खलबत्त्यात एकत्र कुटायला घेतल्या. कुटून झाल्यावर हिशेब आला: साठ रुपये ग्रॅमचे, तीन महिन्यांचा कोर्स 600 ग्रॅम, म्हणजे 36 हजार, वर तेलाची बाटली 5 हजार. “आता मिसळलं मावशी, हे दुसऱ्या कुणाच्या प्रकृतीला चालत नाही, परत बरणीत कसं टाकू?” या धंद्याची सगळी मेख इथे आहे. आधी मिसळायचं, मग आकडा सांगायचा. आत्या घाबरली. एवढे पैसे जवळ नाहीत म्हणाली, तर एक पोरगा टॅक्सी करून तिच्याबरोबर लालबागला घरी आला. आम्ही सगळे कामावर. कपाटात भिशीचे आणि गणपतीसाठी गावी जायला ठेवलेले पैसे होते. तो दारात चप्पल काढून, देवाला नमस्कार करून, पैसे मोजून घेऊन गेला. या नमस्काराचा मला अजून राग येतो.

बिल दिलं होतं. कच्च्या कागदावर ‘जडीबुटी’, आकडा, आणि एक सही जी वाचता येत नाही. औषधाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही.

वैद्याने तीन सूचना दिल्या होत्या. इंग्रजी गोळ्या आजपासून बंद, नाहीतर औषध उलटेल. घरात कुणाला सांगायचं नाही, श्रद्धा तुटते. आणि तेल लावल्यावर जितकं जळेल तितकं चांगलं, जळतंय म्हणजे लागू पडतंय. तिसरी सूचना सगळ्यात हुशारीची, कारण तेलात मिरची असेल तर ते जळणारच. पहिल्या रात्रीच पुरावा मिळतो.

आत्याने आग सोसली. मिरच्या हाताळलेली बाई, तिला ती ओळखीची होती. पण इथे ती आधीच दुखावलेल्या त्वचेवर, रोज दोनदा, चोळून लावत होती. कातडी लाल झाली, मग फोड आले. तिने दुकानात फोन केला तर ‘विष बाहेर पडतंय, थांबवू नका’. त्यात गोळ्या एकदम सोडल्यामुळे झोप उडाली, मळमळ सुरू झाली, मूळ दुखणंही उसळलं. प्रीगॅबॅलिन असं अचानक तोडायचं नसतं, हळूहळू कमी करतात. तिच्या पातळावर पाण्याचे डाग दिसले तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली उघडून वास घेतला, आणि मला वाटलं होतं तशा त्या मिरचीला हसल्या नाहीत. म्हणाल्या, कॅप्सेसिन नसांच्या दुखण्यावर वापरतात, मीही लिहून देते. मग त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. नसेच्या टोकांवर एक दार असतं, टीआरपीव्ही 1 नावाचं. साधारण 43 अंशांच्या वरची उष्णता लागली की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन तेच दार उष्णतेशिवाय उघडतं, म्हणून मिरचीने प्रत्यक्ष न भाजताही भाजल्यासारखं वाटतं. तेच दार पुन्हा पुन्हा उघडत राहिलं की नसेची टोकं दमतात, प्रतिसाद देईनाशी होतात, जास्त मात्रेत काही काळ मागेही सरतात. आराम त्यातून येतो. म्हणजे सुरुवातीची जळजळ खरी, पण ती औषधाची वाट आहे. जळजळ जितकी जास्त तितका गुण जास्त, असं गणित नाही.

सगळा खेळ मात्रेचा. मलमात कॅप्सेसिन 0.025 किंवा 0.075 टक्के असतं. ते अखंड त्वचेवर, पातळ थर, दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावायचं, नंतर हात धुवायचे, डोळ्यांजवळ न्यायचे नाहीत. लावण्याआधी किंवा नंतर लगेच गरम पाण्याने आंघोळ करायची नाही, आग वाढते. जखमेवर, फोडांवर कधीच नाही. सगळ्यांना गुण येतो असंही नाही, आणि आला तरी बहुधा थोडा. 8 टक्क्यांची एक पट्टीही आहे, अमेरिकेत ती नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी 2009 साली आणि मधुमेहाने पायांच्या नसा दुखतात त्यासाठी 2020 साली मंजूर झाली. ती दवाखान्यात, हातमोजे घालून, माणसावर लक्ष ठेवून लावतात: नागिणीच्या जागी एक तास, पावलांवर अर्धा तास. परिणाम टिकला तर तीन महिन्यांच्या आसपास, मग पुन्हा. ‘मुळापासून’ हा शब्द या सगळ्यात कुठेच येत नाही. आत्याच्या बाटलीत किती टक्के होतं? बाटलीवर लेबलच नव्हतं. ढवळलेल्या लाल तेलाला वेदनाशामक बामाचाही वास होता.

डॉक्टरीणबाईंना तेलापेक्षा पुडीची काळजी जास्त वाटली. आत्याने सांगितलं, वैद्य तिला नागभस्म म्हणाला होता. नागभस्म शिशापासून करतात, आणि शिसं शरीरात साठलं तर नसांनाच इजा करतं. नसांच्या रोग्याला, कुणी काय प्रमाणात बनवलंय याचा पत्ता नसलेलं भस्म, चमचा भरून दुधातून! रक्तातलं शिसं तपासून घेतलं. काही निघालं नाही, बहुधा पुडी तिने फार दिवस घेतली नाही म्हणून, किंवा त्यात भस्म नव्हतंच म्हणून. साठ रुपये ग्रॅमने कुटलेली मुलतानी मातीही असू शकते.

मधुमेह असलेल्यांनी हे विशेष वाचा. पायांच्या नसा गेल्या असतील तर तेलाने कातडी सोलली तरी कळत नाही, आणि अशी जखम चिघळून बोटं कापायची वेळ येते. त्या बोर्डावर मधुमेह पहिला लिहिला होता. 1954च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या रोगांवर बरे करण्याची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे. बोर्डाचा फोटो हा त्यामुळे पुरावा ठरतो. आम्ही गेलो तेव्हा मी तो आधी काढला, भांडण नंतर केलं.

भांडण करायला बरोबर मंडळाची पोरं होती, हे लपवत नाही. वैद्याने 15 हजार काढून दिले, ‘माणुसकी म्हणून’. उरलेले 26 हजार ‘माल कुटला गेला’ म्हणून अडकले. पोलिसांत लेखी अर्ज दिला, त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली. वांद्रे-कुर्ला संकुलात अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात बाटली, उरलेली पुडी, कच्चं बिल आणि बोर्डाचा फोटो लावून तक्रार केली. त्याचं पुढे काय होतं ते बघतोय. गल्लीतला बोर्ड मात्र आता वेगळ्या नावाचा आहे.

तुमच्या घरी असं काही झालं असेल तर रागाने बाटली मोरीत ओतू नका, तीच नेऊन द्यायची असते. रोख न देता यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915. आणि औषध कुठल्याही पॅथीचं असो, आयुर्वेदिकसुद्धा, विकायच्या बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले लागतात. जो समोर बसून कुटून देतो आणि यातलं काहीच देत नाही, त्याच्या तेलात मिरची आहे की अजून काही, हे वासावरून आत्यालाही ओळखता आलं नाही.

आत्याची कातडी भरून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला कमी मात्रेचं मलम लिहून दिलं, गोळी फक्त रात्रीची ठेवली. मलमाने फरक पडतोय का, तर ती म्हणते वायच पडतो. ट्यूब औषधांच्या दुकानातून शे-दोनशेच्या घरात मिळते, बिलासकट.