काळ्या चिकट मातीतील भाजीचा वाफा: वाळू, जिप्सम, शेणखत की ताग?

नाशिक परिसरातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, कारण बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीचे चिकण कण पाण्याने फुगतात व सुकले की आकसतात. भाजीच्या कोवळ्या मुळांना दोन्ही अवस्था जाचक ठरतात.

उपाय म्हणून बहुतेकांना आधी वाळू आठवते. माझ्या मते तीच आधी बाद करावी. थोड्या वाळूच्या फटींत चिकण कण भरून बसतात आणि घट्टपणा तसाच राहतो. 10 चौरस मीटरच्या वाफ्यात 20 सेंटिमीटर खोलीपर्यंत अर्धा भाग वाळूचा करायचा, तर सुमारे दीड टन वाळू लागेल.

जिप्समचा उपयोग खरा आहे, पण तो चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत, जिथे त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर तो सोडियम वाहून जातो. वाळलेले ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात न ढवळता ठेवावे: त्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर चोपणपणाची शंका घेऊन माती तपासून घ्यावी, पाणी गढूळ न करता ते नुसतेच ढासळले, तर उणीव सेंद्रिय पदार्थाची आहे. आपल्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी, म्हणजे कॅल्शियम, असतेच, त्यामुळे परीक्षणाशिवाय जिप्समवर खर्च करू नये.

खरी निवड उरते ती शेणखत आणि ताग (हिरवळीच्या खताचे पीक) यांत. लगेच लागवड करायची असेल, तर पूर्ण कुजलेल्या शेणखताचा दोन-तीन इंचांचा थर वरच्या वीतभर मातीत मिसळावा. ताजे शेण मात्र टाळावे, त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणांचे बी येते. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने झिजतो, म्हणून ही भर दरवर्षी घालावी लागते. जागा पावसाळाभर मोकळी ठेवता येत असेल, तर ताग स्वस्त पडतो: जूनमध्ये पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण 45 ते 50 दिवसांनी, गाडला आणि कुजायला दोन-तीन आठवडे दिले, की मेथी-कोबीसाठी रान तयार होते. शिवाय त्याची मुळे खालची माती मोकळी करतात, हे शेणखताने साधत नाही.

यांपैकी काहीही निवडले तरी वाफा 15 ते 20 सेंटिमीटर उंच गादीचा असावा, कारण मुसळधार पावसाचे साचलेले पाणी कोणत्याही खताने बाहेर निघत नाही. खोदकाम वाफशावरच करावे: मुठीत दाबलेला गोळा बोटाने ढकलताच फुटला तर कुदळ मारावी, चिकटून राहिला तर थांबावे.