रक्त द्यावं की प्लेटलेट? पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी

गणपती आले की इंदुरातल्या मराठी मंडळांत रक्तदान शिबिराची पाटी लागते. यंदा भाच्यानं विचारलं, "मामा, रक्तच देऊ की प्लेटलेट?" प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे रक्तातले बारीक कण. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

रक्त देणं सोपं. वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. उपाशीपोटी मात्र जायचं नाही, पोटभर पोहे खाऊन जा. पिशवी भरायला आठ-दहा मिनिटं पुरतात. 350 मिलिलिटर घेतात, वजन 55 किलोंच्या वर असेल तर 450. त्या एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) वेगळे काढतात. लाल पेशी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला लागतात, अपघातातल्या माणसाला लागतात. थॅलेसेमिया या जन्मजात आजारात शरीरात हिमोग्लोबिन नीट बनत नाही; त्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी लागतात, जन्मभर.

प्लेटलेटसाठी ब्लड बँकेतच जायला हवं. आधी रक्तातल्या प्लेटलेटचा काउंट बघतात, तो दीड लाखाच्या वर लागतो. वजन 50 किलोंच्या वर हवं आणि मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. मग यंत्राशेजारी तास-दीड तास पडून राहायचं. यंत्र रक्त गरगर फिरवून प्लेटलेट बाजूला काढतं आणि उरलेलं परत हातात सोडतं. परत येणारं रक्त किंचित गार लागतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे ओठांभोवती मुंग्या येऊ शकतात. मला आल्या तेव्हा मी संकोचून गप्प बसलो. तसं करू नका, लगेच सांगा. वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. शेवटी पिशवीत दिसतं ते लाल नसतंच, वरणाच्या निवळीसारखं फिकट पिवळं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी? साध्या रक्तदानातून निघालेल्या प्लेटलेटच्या पाच-सहा पिशव्यांइतकं काम ही एक पिशवी करते. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या रुग्णाला सहा जणांऐवजी एकाच दात्याच्या प्लेटलेट मिळतात, म्हणजे संसर्गाचा धोकाही तेवढा कमी. शिवाय काही यंत्रांच्या संचात पांढऱ्या पेशी अडकून उरतात. दात्याची संमती असेल तर त्या संशोधनाच्या प्रयोगशाळांना फार उपयोगी पडतात.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो टिकण्यातला फरक. लाल पेशी थंडीत 35 ते 42 दिवस राहतात. प्लेटलेट 22 अंशांच्या आसपास, सतत हलत्या ट्रेवर ठेवूनही पाचच दिवस. म्हणून प्लेटलेटचा साठा करता येत नाही, बोलावल्यावर येणारी माणसंच लागतात. आणि मंडळातल्या सगळ्यांनी अनंत चतुर्दशीच्या आत दिलेल्या लाल पेशी दिवाळीपर्यंत उरत नाहीत. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन रणरणतं, शिबिरं कमी, पण थॅलेसेमियाच्या मुलांची तारीख चुकत नाही. चार भावंडं असाल तर एकाच दिवशी चौघांनी देऊ नका, वेगवेगळे महिने वाटून घ्या.

तेव्हा पहिल्यांदा रक्तच द्या. पुढची पाळी पुरुषांना 90 दिवसांनी, बायकांना 120. सुईची भीती गेली, शिरा ठसठशीत असल्या आणि ब्लड बँक घरापासून जवळ असली, तर प्लेटलेट दात्यांच्या यादीत नाव जरूर घाला. डेंग्यूच्या दिवसांत त्या यादीतूनच फोन जातात.

भाचा 48 किलोचा, त्यामुळे त्याचं उत्तर ठरलेलंच होतं: रक्त. पण सगळ्यांनी एकदम देऊ नये म्हणून यंदाच्या शिबिरात तो नाव देणार नाही. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात माझ्याबरोबर एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, ब्लड बँकेत येतोय.