टेकडी, तलाव की कॉलनीचा बगीचा? इंदुरात श्रमदान निवडताना

मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम करावेत आणि शिवाय दोन दिवस स्नायूंची ताकद लागेल असं काम करावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. मेघदूत उपवनात किंवा नेहरू पार्कात रोज फेऱ्या मारणाऱ्यांचा पहिला भाग सहज पुरा होतो. दुसरा बहुतेकांचा राहून जातो. उचलणं, ओढणं, खोदणं, उकिडवं बसून उठणं हे फेऱ्यांत येतच नाही, श्रमदानात मात्र आपोआप येतं. प्रश्न एवढाच, की कुठलं श्रमदान तुमच्या गुडघ्यांना आणि कमरेला झेपेल आणि वर्षभर टिकेल.

टेकडीवरची झाडं

आधी एक गैरसमज दूर करू. झाडं लावण्याचा दिवस हा व्यायाम नव्हे. 14 जुलै 2024 रोजी इंदुरातल्या रेवती रेंज टेकडीवर एका दिवसात 11 लाखांहून जास्त रोपं लागली, विक्रम झाला. पण अशा मोहिमांत खड्डे आधीच यंत्रानं खणलेले असतात. तुमच्या वाट्याला येतं पिशवी फाडणं, रोप ठेवणं, माती दाबणं. पाच मिनिटांचं काम. (पिशवी मात्र पूर्ण काढा. ब्लेडनं एका बाजूनं चिरून तशीच आत ठेवली, तर मुळं गोल गोल फिरत राहतात आणि झाड दोन-तीन वर्षांनी कोलमडतं.)

खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर असते. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा म्हणजे सुमारे 90 लिटर जागा. त्यातून सव्वाशे किलोच्या आसपास माती-मुरूम निघतो. नवख्यानं एका सकाळी दोन खड्डे केले तरी भरपूर झाले. माळव्याची काळी माती मे महिन्यात दगडासारखी असते आणि जुलैत फावड्याला चिकटून बसते, म्हणून पहिल्या एक-दोन सरींनंतरचे दिवस खणायला सर्वांत बरे. मुरमात आधी सब्बलनं फोडायचं, मग फावडं. इथल्या माळ्याकडे ‘पहार’ आणि ‘घमेलं’ मागू नका, सब्बल आणि तगारी म्हटलं की लगेच हातात येईल.

कंबर धरते ती खोदण्यानं कमी, माती फेकण्यानं जास्त. पाय जागच्या जागी रोवून फक्त कमरेतून वळलं, की मणक्याला पीळ बसतो. फावडं भरल्यावर पाऊल टाकून अख्खं अंग वळवा, दर दहा मिनिटांनी पुढचा हात बदला, फावडं अर्धंच भरा.

नोव्हेंबरपासून पावसापर्यंत पाणी घालायचं. दहा लिटरचे दोन कॅन म्हणजे दोन हातांत वीस किलो. दहा रोपांना दहा-दहा लिटर द्यायचं म्हटलं की पाच फेऱ्या, त्याही चढावर. दम आणि पकड दोन्हींसाठी याहून चांगलं काम या तिन्हींत नाही. पहिला महिना कॅन सात लिटरच भरा. एकाच हातात कॅन घेऊन जाऊ नका, पाठ एका बाजूला झुकते. गुडघे कुरकुरतात ते चढताना कमी, उतरताना जास्त. म्हणून रिकामे कॅन घेऊन उतरतानाच पावलं आखूड टाका आणि नागमोडी उतरा.

उतारावर पूर्ण गोल आळं टिकत नाही. खालच्या बाजूनं अर्धचंद्राकृती बांध घाला, वीतभर उंच, आत वाळक्या पानांचा दोन-तीन इंच थर, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटलेला ओला पाचोळा साल कुजवतो.

तलावातली जलपर्णी

सिरपूर आणि यशवंत सागर हे इथले तलाव 2022 मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आले, तेव्हापासून तलावांकडे लोकांचं लक्ष वाढलं आहे. जलपर्णी (इथे सगळे जलकुंभीच म्हणतात) ओढून काढणं हे खांदे, पाठ आणि हात यांचं काम. लांब दांड्याचा पंजा टाकायचा, गठ्ठा काठाकडे ओढायचा, तगारीत भरून दूर नेऊन टाकायचा. ही वनस्पती नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, त्यामुळे फुलासारखी हलकी दिसणारी तगारीही हात ओढते. गठ्ठा काठावर थोडा वेळ निथळू दिला की ओझं हलकं होतं. हे न करता लगेच उचलणारे अर्ध्या तासात बसतात. ढीग मात्र शेवटी पाण्यापासून लांबच हवा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं परत आत. आणि विळ्यानं तुकडे करू नका, तुटलेल्या फुटव्यातून नवं रोप धरतं.

दोन अडचणी. एक म्हणजे हे बारमाही काम नाही: पावसाळ्यात काठ निसरडे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरलेले असताना गोंगाट नको. महापालिकेची परवानगी आणि सोबत जाणकार माणूस हवाच. दुसरी म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार. उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेलं पाणी त्वचेवरच्या ओरखड्यातून आत जातं. गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, आणि जखम असेल त्या दिवशी पाण्याजवळ नाही. मधुमेहात पायाची जखम उशिरा भरते. अशांनी हा पर्याय सोडून द्यावा असं आमचं स्पष्ट मत.

कॉलनीचा बगीचा

कमी दिमाखाचा, पण साठीनंतर हाच. कंपोस्ट खतासाठी तीन फूट लांब-रुंद-उंच पाचोळ्याचा ढीग, त्यात सुक्या पानांना ओल्या कचऱ्याचं प्रमाण मापानं दोनास एक, आठवड्यातून एकदा परतणं. तीन-चारशे किलो माल इकडचा तिकडे होतो, पण एका वेळी दोन-तीन किलोच, आणि थांबायचं कधी ते तुमच्या हातात. मूठभर घेऊन दाबलं की एखादा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त. उग्र नवसागरासारखा वास आला तर सुकी पानं वाढवा. दमा असेल तर परतताना मास्क लावा, बुरशीची धूळ उडते.

खुरपणी उकिडवं बसून न जमणाऱ्यांनी पाटावर बसावं. फक्त पाट सरकवायला दर वेळी पूर्ण उभं राहायचं. तेवढ्यानंच मांड्यांचा व्यायाम होतो. 65 वर्षांपुढे तोल सांभाळायचा सराव आठवड्यातून तीन दिवस सुचवला जातो, आणि तो टेकडीपेक्षा इथे सुरक्षितपणे साधतो.

मग कोणतं?

गुडघे धड आणि वजन कमी करायचंय, तर टेकडी, आठवड्यातून दोनदा. खांदे-पाठ मजबूत करायची आणि फक्त काही महिनेच वेळ आहे, तर तलाव. गुडघेदुखी, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा घरी कुणी आजारी असल्यानं वेळ निश्चित नाही, तर बगीचा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यातल्या कामाआधी डॉक्टरांना विचाराच. एप्रिल-मेमध्ये कुठलंही काम सकाळी आठच्या आत उरकावं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तिन्ही ठिकाणी आधी ते.

जोर बरोबर लागतोय का, याचं माप सोपं: काम करताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. साठ किलोचा माणूस तासभर या बेतानं कुदळ चालवतो तेव्हा सुमारे 300 कॅलरी खर्च होतात. परतताना पोहे-जलेबी झाली की हिशेब जवळपास बरोबरीत, त्यामुळे वजनासाठी येणाऱ्यांनी जलेबीचा वार ठरवून घ्यावा.

टेकडीवरच्या गटात नाव देण्याआधी त्यांना एकच विचारा: फेब्रुवारीत पाणी कोण घालतं, आणि पाण्याचा टँकर टेकडीवर कुठवर पोहोचतो? उत्तर ठिकाणासकट आणि वारासकट आलं तर जा.