पास रशरच्या पाठीवर कॅटापल्ट व्हेक्टर: काय मोजतं, काय सुटतं

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, चाल करून जाणारा बचावातला पास रशर सामन्याचा निकाल फिरवतो, म्हणून प्रशिक्षकाला तो मैदानाबाहेर बसलेला बघवत नाही. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा हंगाम २०२१ पासून १७ सामन्यांचा झाला. एका सामन्यात बचावाच्या वाट्याला साधारण ६० ते ७० स्नॅप, म्हणजे चेंडू खेळात आल्यावरच्या खेळी, येतात आणि हुकमी रशर त्यातले ८० टक्क्यांपर्यंत सहज खेळतो. समोर दर वेळी १३५ किलोंहून जड टॅकल, म्हणजे त्याला अडवणारा खेळाडू, उभा असतो. ही झीज मोजायला बरेच संघ कॅटापल्टचं व्हेक्टर हे अंगावर घालायचं यंत्र वापरतात, आणि हे परीक्षण फक्त या एका जागेवरच्या खेळाडूपुरतं आहे. पास झेलणारा रिसीव्हर किंवा त्याच्यावर पहारा देणारा कॉर्नरबॅक यांच्यासाठी आमचं मत बरंच वेगळं, अधिक अनुकूल असतं.

कॅटापल्ट ही मेलबर्नची कंपनी, २००६ साली सुरू झालेली. तिचं यंत्र मुठीत मावतं. ते घट्ट बनियनच्या खिशात, खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये बसतं. आतला जीपीएस सेकंदाला १० वेळा जागा नोंदवतो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर सेकंदाला १०० वेळा शरीराचे हिसके. या हिसक्यांतून ‘प्लेअरलोड’ नावाचा आकडा निघतो. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांनी त्वरण क्षणाक्षणाला किती बदललं, त्याची ही बेरीज असते. पास रशरसाठी याच आकड्याकडे बघावं. अंतर आणि कमाल वेग हे रकाने त्याच्या बाबतीत दिशाभूल करतात.

त्याचं कारण खेळातच आहे. पास रश अडीच-तीन सेकंदांत आटोपतो आणि त्यात जेमतेम पाच-सात यार्डांची धाव असते. त्यामुळे अंतराच्या तक्त्यात रशर तळाला दिसतो. तो तक्ता बघून नवखा प्रशिक्षक ‘याला काम कमी पडतंय’ असं ठरवतो आणि सरावानंतर त्याला आणखी धावायला लावतो. मांडीची मागची शीर आणि जांघ तिथेच दुखावते, आणि दोष मात्र सामन्यावर जातो.

प्लेअरलोडमध्येही एक मोठं भोक आहे. बुल रश म्हणजे थेट छातीवर रेटा. दोन अवजड शरीरं एकमेकांत अडकतात आणि सेकंदभर कुणीच हलत नाही. कंबर, जांघ, छातीचा स्नायू पूर्ण ताणलेला असतो, पण शरीर जागेवर असल्यामुळे त्वरण जवळजवळ शून्य. यंत्र तिथे क्षुल्लक आकडा लिहितं. पाठीवरचा सेन्सर शरीर किती हललं ते सांगतो, शरीराने किती जोर सोसला ते सांगू शकत नाही. लाइनवरची झटापट ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं तरी भौतिकशास्त्राची ही मर्यादा तशीच राहते.

दुसरी उणीव एकतर्फीपणाची. कायम एकाच बाजूने चाल करणारा रशर दर वेळी त्याच पायाने रेटा देतो, कोपऱ्यावर वळताना तोच खांदा खाली घालतो, त्याच घोट्यावर कलतो. दिवसाच्या एकूण बेरजेत हे विरघळून जातं. आठवड्यातल्या काही फेऱ्या मुद्दाम दुसऱ्या बाजूने करून घ्याव्यात आणि त्या वेगळ्या मोजाव्यात.

म्हणून व्हेक्टरच्या जोडीला एक हाताने भरलेला तक्ता लागतोच. चित्रफीत बघून रोज चार गोष्टी लिहायच्या: धक्क्याच्या एकूण फेऱ्या, त्यातले बुल रश, दोन-दोन अडवणारे अंगावर आले ते स्नॅप, आणि जमिनीवर आपटणं. हात बसला की एका खेळाडूसाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. प्लेअरलोड उतरलेला आणि बुल रश वाढलेले, असा दिवस दिसला तर हाताच्या तक्त्यावर विश्वास ठेवावा.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टींवर आकड्यांचा दर्जा ठरतो. एक खेळाडू, एक यंत्र, पूर्ण हंगामभर. दोन यंत्रांच्या मापात थोडा फरक असतोच, त्यामुळे अदलाबदल केली की भार बदलला की यंत्र, हेच कळत नाही. यंत्र उघड्या आकाशाखाली सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं सुरू करून ठेवावं, म्हणजे उपग्रह नीट पकडले जातात. बनियन सैल असेल तर यंत्र पाठीवर आपटतं आणि तो प्रत्येक ठोका भार म्हणून जमा होतो. शोल्डर पॅडच्या खिशात ठेवलं तर पॅडचा हादराही त्यात मिसळतो, म्हणून पॅड घातलेल्या दिवसाची तुलना पॅडच्याच दिवसाशी करावी. एनएफएलमध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नियमित हंगामात पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात, तेव्हा असे दिवस वेगळे काढणं अवघड नाही. छताखाली सराव असेल तर जीपीएस निकामी होतो. अ‍ॅक्सेलरोमीटर चालू राहतो, पण अंतर हवं असेल तर इमारतीत स्थानिक ट्रॅकिंगचे खांब बसवावे लागतात आणि तो खर्च वेगळा. सरावाचे टप्पेही सॉफ्टवेअरमध्ये नावानिशी कापावेत. वैयक्तिक कवायत, समोरासमोरची रश आणि संघाचा सराव एकत्र मोजले, तर मधला उभं राहण्याचा वेळ मिनिटामागचा भार उगाच खाली ओढतो.

आता ते प्रसिद्ध गुणोत्तर. चालू आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. ०.८ ते १.३ सुरक्षित, १.५ च्या वर दुखापतीचा धोका, हे कोष्टक अनेक ठिकाणी भिंतीवर चिकटवलेलं असतं. आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावं की या विचाराच्या पायाशी क्रिकेट आहे. ऑस्ट्रेलियातल्या वेगवान गोलंदाजांवरचं २०१४ चं संशोधन त्याच्या सुरुवातीच्या आधारांपैकी एक. गोलंदाजाचा चेंडू मोजता येतो, रशरचा रेटा तसा मोजता येत नाही. शिवाय पुढे संशोधकांनी या गुणोत्तराच्या गणितावरच गंभीर आक्षेप घेतले. आमच्या मते ते इशाऱ्याची घंटा म्हणून ठेवावं. त्यावरून कुणाला बसवायचं ते ठरवू नये.

हे गुणोत्तर सगळ्यात जास्त फसतं ते नव्या करारासाठी खेळाडू सरावापासून दूर राहतो तेव्हा. २०२३ मध्ये पास रशर निक बोसा पूर्ण प्रशिक्षण शिबिराबाहेर राहिला आणि पहिल्या सामन्याला काही दिवस उरले असताना त्याने सही केली. २०२१ मध्ये दुसरा रशर टी. जे. वॉट शिबिरात हजर होता, पण सही होईपर्यंत संघाच्या सरावात उतरला नाही. अशा खेळाडूची मागच्या चार आठवड्यांची सरासरी नसल्यात जमा, म्हणजे भाजकच कोसळलेला. पहिल्याच सामन्यात गुणोत्तर तीन-चारच्या घरात जाईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. तिथे सरळ स्नॅपची मर्यादा घालावी: पहिल्या सामन्यात निम्म्याच्या आसपास, मग दर आठवड्याला आठ-दहा स्नॅप वाढवत न्यावेत.

सामन्याचे आकडे कुठून आणायचे, यावरही गोंधळ होतो. एनएफएलच्या सामन्यांत शोल्डर पॅडमध्ये झेब्रा कंपनीच्या आरएफआयडी (रेडिओ लहरींनी जागा कळवणाऱ्या) चकत्या असतात, त्यांची नोंद वेगळ्या तंत्राची. ते अंतर आणि व्हेक्टरचा प्लेअरलोड यांची बेरीज करू नये. सामन्याला स्नॅप आणि रश मोजावेत, सरावाला प्लेअरलोड, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवावेत.

झीज कमी होते ती मात्र मैदानावरच्या अदलाबदलीने. सामन्यामागे १० स्नॅप वाचवले तर १७ सामन्यांत १७० वाचतात, म्हणजे जवळपास तीन सामन्यांचं काम. ते वाचवायचे निकाल लागल्यानंतरच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, फील्ड गोल (लाथेने मारून गुण मिळवण्याचा प्रयत्न) अडवण्याच्या खेळीत, आणि रशरला मागे हटून पासवर पहारा द्यायला लावणाऱ्या डावपेचांत. तिसरा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार संधींपैकी तिसरी) आणि सात-आठ यार्ड बाकी, तेव्हा तो ताजा हवा. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सने एकदाही ब्लिट्झ न करता (जादा खेळाडू चालीवर न पाठवता) समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं. हे जमलं ते आलटून पालटून उतरणाऱ्या भरवशाच्या फळीमुळे.

कुठलंही यंत्र अपघात ओळखत नाही, हेही विकत घेणाऱ्याने पक्कं समजून घ्यावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेट्रॉइटचा पास रशर एडन हचिन्सन याचा पाय सहकाऱ्याच्या पायावर आदळून मोडला. भाराचा कुठलाही आलेख त्याची सूचना देऊ शकला नसता.

घ्यावं का? रोज आकडे उतरवून, टप्पे कापून, त्याच संध्याकाळी प्रशिक्षकासमोर मांडणारा पूर्णवेळ माणूस असेल तर जरूर घ्यावं. रशरच्या आठवड्याची चढ-उतार आणि दुखापतीनंतर परतण्याचा वेग ठरवायला याच्याइतकं सोयीचं साधन दुसरं क्वचितच. पहिले चार आठवडे फक्त नोंद ठेवावी, निर्णय घेऊ नयेत. आकडे कोण बघणार आणि ते करारासाठी वापरले जाणार का, हे खेळाडूशी आधीच लेखी ठरवावं, नाहीतर बनियन घरीच विसरलं जातं. अमेरिकेत शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांनी मात्र या खर्चात पडू नये. स्नॅपची वही, रोज सकाळी जांघ आणि कंबर किती आखडली याचा एक ते दहामधला आकडा, आणि सामन्यानंतरचे दोन दिवस धक्क्याविना, एवढं पाळलं तरी त्या वयात पुरेसं आहे.