विद्यार्थी खरा, मार्कशीट खरी, खातं मात्र तिसऱ्याचंच

गरीब विद्यार्थ्याच्या फीसाठी वर्गणी काढली आणि फसवणूक झाली, की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो तो असा: म्हणजे तसा मुलगा नव्हताच का? सराईत फसवणुकीत मुलगा असतो. त्याचे टक्के खरे असतात, घरची ओढाताण खरी असते, उत्पन्नाचा दाखलासुद्धा तहसील कचेरीतलाच असतो. खोटी असते ती शेवटची एक ओळ: ‘खालील नंबरवर पाठवा.’ आणि वर्गणी देणारे ती ओळ सोडून बाकी सगळं तपासत बसतात. दोघं-तिघं तर घर बघून येतात, आईशी बोलतात, डोळ्यांत पाणी घेऊन परततात आणि मग भलत्याच खात्यात पैसे टाकतात. गरिबीची खातरजमा झाली, खात्याची राहिली.

कागदपत्रं ठगाच्या हाती कशी लागतात, यात गूढ काही नाही. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला मुलं मार्कशीट, जातीचा दाखला, आधार, पासबुक असा सगळा संच व्हॉट्सॲपवर पाठवतात. नेट कॅफेच्या संगणकावर स्कॅन केलेल्या फाइली तशाच पडून राहतात. शिवाय मागच्या वर्षी कुणीतरी प्रामाणिकपणे केलेलं आवाहन कागदांसकट फिरत असतं. त्यातला फोन नंबर बदलला की नवं आवाहन तयार. म्हणून आधी तारखा बघाव्यात. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. जुलैच्या आवाहनाला मागच्या वर्षीचा दाखला जोडलेला असेल तर तो प्रवेशालाही चालणार नाही, मग आपल्यालाच का दाखवला जातोय? दाखल्यावरचा बारकोड क्रमांक ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाकून तो खरा आहे का ते पाहता येतं. पण दाखला खरा निघाला म्हणजे आवाहन खरं ठरत नाही, इथेच गल्लत होते.

मग येते घाई. ‘उद्या ३ वाजेपर्यंत फी भरली नाही तर सीट जाईल.’ हे वाक्य प्रभावी ठरतं, कारण कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतल्या प्रवेशात अशी मुदत खरोखरच असते. पण ती गुप्त नसते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, व्यवस्थापन या अभ्यासक्रमांच्या फेऱ्यांचं वेळापत्रक राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या संकेतस्थळावर असतं. कोणती फेरी, कॉलेजात हजर होण्याचा शेवटचा दिवस कोणता, एवढं पाहिलं तरी बनावट मुदत उघडी पडते. जागावाटपाचं पत्र मागावं. त्यावर विद्यार्थ्याचा अर्ज क्रमांक, कॉलेजचा कोड आणि फेरी छापलेली असते. त्याऐवजी कॉलेजच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, ‘सदर विद्यार्थ्यास प्रवेश निश्चित’ अशा भाषेतलं पत्र आलं, तर ती मॅनेजमेंट कोट्याची सीट तरी असेल किंवा शुद्ध बनावट तरी. कोट्याची असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं. त्या जागेला फीसवलतीच्या सरकारी योजना लागू होत नाहीत, आणि वर्गणीतून कोट्याची जागा घ्यायची का, हा देणाऱ्यांनी उघड्या डोळ्यांनी ठरवायचा प्रश्न आहे.

रकमेकडे तर कुणीच बघत नाही. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार, अभ्यासक्रमवार आकडे प्रसिद्ध करतं. आवाहनातला आकडा त्याच्याशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. शिवाय सवलती आहेत. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती वेगळी, अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या. पहिलीत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागेवर आलेल्या मुलाकडून तर शाळा शिक्षण शुल्क घेऊच शकत नाही. म्हणजे ज्याची फी माफ आहे त्याच्या ‘पूर्ण फी’साठी आवाहन आलं, तर दोनपैकी एक गोष्ट असते. आवाहन खोटं असतं, किंवा कॉलेज सवलत डावलून पैसे मागत असतं. दुसरी शक्यता असेल तर वर्गणी काढून कॉलेजची सोय करू नये. आधी तंत्रशिक्षण विभागाकडे किंवा समाजकल्याण कार्यालयात लेखी तक्रार करावी. अशा मुलांची खरी गरज फीपेक्षा वसतिगृह, मेस, बसचा पास, ड्रॉइंगचं साहित्य, लॅपटॉप इथे असते. प्रामाणिक आवाहनात हे खर्च वेगवेगळे मांडलेले दिसतात, ठगाच्या आवाहनात एकच गोळाबेरीज आकडा असतो.

आता मुख्य जागा, खातं. पैसे व्यक्तीच्या खात्यात का मागवताय असं विचारलं, की उत्तरं तयार असतात आणि ती ऐकायला पटतात. ‘मुलाचं खातं लहान आहे, मोठी रक्कम बसत नाही.’ यात तथ्य असू शकतं: पूर्ण केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) नसलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर जात नाही. पण त्यावर उपाय म्हणजे कॉलेजच्या खात्यात थेट भरणं, काकांच्या खात्यात नव्हे. ‘यूपीआयला १ लाखाची मर्यादा आहे, म्हणून आधी माझ्याकडे जमा करा.’ पडताळणी झालेल्या शिक्षणसंस्थांना फी भरण्यासाठी ही मर्यादा जानेवारी २०२४ पासून ५ लाख आहे. ‘कॉलेज ऑनलाइन घेत नाही.’ मग कॉलेजच्या नावाचा डीडी काढावा आणि मागे विद्यार्थ्याचं नाव व अर्ज क्रमांक लिहावा. डीडी तिसऱ्याला वटवता येत नाही. या साध्या गुणामुळेच ठगांना तो आवडत नाही.

यूपीआय आयडीतल्या शब्दांवर जाऊ नये. ‘शिक्षणमदत’, ‘विद्यादान’ असा आयडी कुणीही घेऊ शकतो. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव येतं, ते वाचायचं. आवाहनात संस्थेचं नाव आणि पडद्यावर कुणा व्यक्तीचं नाव दिसलं, की तिथेच थांबायचं. कार्यक्रमात टेबलावर ठेवलेल्या क्यूआर कोडवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असतं, तेव्हाही हेच नाव वाचल्याने बचाव होतो.

ठगाची खरी कमाई होते ती ग्रुप वेगवेगळे असल्यामुळे. समजा फी ९० हजार आहे. तेच आवाहन सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, योगवर्गाच्या आणि ऑफिसच्या अशा चार ग्रुपवर गेलं. प्रत्येकी ६० जणांनी ५०० रुपये दिले तर प्रत्येक ग्रुपला वाटतं, आपल्याकडून ३० हजार गेले, अजून ६० हजार कमी पडतायत. एकूण जमा झालेले असतात १ लाख २० हजार. आणि ‘अजून थोडे कमी पडतायत’ हे चारही ठिकाणी चालूच राहतं. कधीकधी यात मुलाची फी खरोखर भरलीही जाते. मग पावतीही खरी, मुलगाही आभार मानतो, आणि वरचे ३० हजार कुठे गेले हे विचारणं कृतघ्नपणाचं वाटतं. ही अर्धवट फसवणूक पूर्ण फसवणुकीपेक्षा जास्त टिकते, कारण तिचा साक्षीदार खुद्द विद्यार्थी असतो आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

ग्रुपवर फिरणारी ‘अमुक २०००, तमुक १०००’ ही यादी हिशोब नसते, ते दडपण असतं. पहिली तीन नावं कुणी टाकली, त्यांचे व्यवहार क्रमांक काय, हे विचारलं की यादी थंडावते. पावतीचंही तसंच. फीच्या पावतीचा स्क्रीनशॉट मोबाइलवर बनवता येतो. कॉलेजच्या लेखा विभागाला फोन करून पावती क्रमांक आणि रक्कम विचारावी. मात्र फोन नंबर कॉलेजच्या संकेतस्थळावरून घ्यावा, आवाहनात दिलेला नको. त्या नंबरवर ‘कॉलेजचे क्लार्क’ म्हणून कोण बोलेल ते सांगता येत नाही. विद्यार्थ्याची माहिती द्यायला कॉलेज कांकू करू शकतं, म्हणून विद्यार्थ्यालाच समोर बसवून फोन लावलेला बरा.

संस्थेच्या नावाने आवाहन असेल तर तपासणी थोडी वेगळी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. संस्थेकडे नोंदणी प्रमाणपत्राबरोबर परिशिष्ट-१ चा उतारा मागावा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. पैसे मागणाऱ्या ‘अध्यक्षां’चं नाव त्यात नसेल तर विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज मंजूर झाला आहे का, हे विचारावं. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर याच कायद्याचं कलम ४१ क आहे. गणेशोत्सव मंडळं ज्याखाली परवानगी घेतात तेच. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणणारे बरेच भेटतात. दर्पणवर नोंद असणं म्हणजे सरकारने कामाची हमी घेतली असं नव्हे. पॅनही पाहावा: चौथं अक्षर न्यासाला ‘टी’, कंपनीला ‘सी’, व्यक्तीला ‘पी’ असतं. संस्थेचा म्हणून दिलेला पॅन चौथ्या जागी ‘पी’ दाखवत असेल तर पुढे बोलायची गरज नाही.

८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारं कलम, हे आमिष खूप चालतं. एका विद्यार्थ्याला किंवा त्याच्या पालकाला थेट दिलेल्या पैशांवर ८०जीची वजावट मिळतच नाही, ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच. रोखीने २००० रुपयांपेक्षा जास्त दिलं तरी मिळत नाही. छापील पावती पुरेशी नाही: १९६१ च्या आयकर कायद्याखाली संस्थेला आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरून, पोर्टलवरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत द्यावं लागे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले, तरी लोक ८०जीच म्हणतात. नव्या कररचनेत ही वजावट नसल्याने कित्येक देणगीदार प्रमाणपत्र मागतच नाहीत. मागावं. कर वाचो न वाचो, ते प्रमाणपत्र बनावट संस्थेला पोर्टलवरून काढता येत नाही, म्हणून ती फुकटात होणारी चाचणी आहे.

पैसे गेल्यावर वेळ फार थोडा असतो. रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तासाभरात पुढे सरकते. ग्रुपवर चर्चा करण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवावी, बँकेलाही लगेच कळवावं. हाताशी यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि समोरचा आयडी हवा. ग्रुप सोडू नये, संभाषण पुसू नये. स्क्रीनशॉटपेक्षा पूर्ण चॅट एक्स्पोर्ट केलेली बरी. ५०० रुपयांसाठी पोलीस ठाण्यात कोण जाणार, यावरच ठगाचा धंदा उभा असतो. म्हणून सगळ्यांचे व्यवहार एका तक्त्यात मांडून तक्रारीला जोडावेत, मग ५०० चे लाखभर होतात. पैसे सुरुवातीपासूनच खोटं सांगून उकळले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, विश्वासाने सोपवलेली वर्गणी खाल्ली असेल तर ३१६. ऑनलाइन तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६डी. तक्रारीत विद्यार्थ्याला आरोपी म्हणून ओढू नये. त्याचे कागद वापरले गेले असतील तर तोही फसलेलाच असतो.

वर्गणी काढायचीच असेल तर पैसे कुणाकडेही न साठवता कॉलेजच्या फी पोर्टलवर विद्यार्थ्याच्या अर्ज क्रमांकावर भरणं सगळ्यात स्वच्छ. साठवावेच लागले तर दोघांच्या सहीने चालणारं संयुक्त खातं काढावं. आकडा आधी जाहीर करावा आणि तो गाठला की ‘संकलन बंद’ असं सगळ्या ग्रुपवर टाकून क्यूआर काढून घ्यावा. उरलेल्या पैशांचं काय आणि वर्षाच्या शेवटी महाडीबीटीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आली तर तिचं काय, हे सुरुवातीलाच दोन ओळींत लिहून ठेवावं. नंतर ते विचारणं सगळ्यांनाच अवघड जातं. आणि कागदपत्रं ग्रुपवर टाकू नयेत. दोघांनी ती पाहावीत आणि ‘पाहिली’ एवढंच लिहावं. पाठवावीच लागली तर आधार मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं द्यावं, आणि प्रत्येक प्रतीवर आडवं लिहावं: ‘फक्त अमुक कॉलेजच्या फीसाठी’, खाली तारीख. अक्षरं मजकुरावरूनच गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं.