अस्सल म्हणून विकलेलं नकली रील: समुद्रावर गळ टाकणाऱ्यांनी जरूर वाचा

पावसाळा सरला की खाडीच्या तोंडाशी जिताडा, तांबोशी गळाला लागायला लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर 'दुकान बंद करतोय, इंपोर्टेड रील निम्म्या किमतीत' अशा जाहिराती येतात. अशाच एका विक्रेत्याने मला एका नामांकित जपानी कंपनीच्या नावाखाली नकली रील, म्हणजे गळाच्या काठीवर दोरी गुंडाळायची चकरी, विकलं. पैसे परत मिळालेले नाहीत. निदान त्याची पद्धत तरी तुम्हाला ठाऊक असावी.

डबा हुबेहूब होता. वर छापलेलं: 4000 साइज, 12+1 बेअरिंग, गिअर रेशो 6.2:1, ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा दोरी ताण धरून सोडणारा ब्रेक) 11 किलो. बिल मागितलं तेव्हा 'पार्सलसोबत पाठवतो दादा' म्हणाला. आली ती साधी चिठ्ठी, ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर नव्हतं. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर ते असणं कायद्याने बंधनकारक आहे.

रत्नागिरीजवळ भाट्याला, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, मोठा मासा लागला आणि सगळं उघडं पडलं. ड्रॅग सलग सुटायला हवा. तो अडकायचा, मग एकदम धक्क्याने सुटायचा. अशा धक्क्यात चांगली ब्रेडेड (विणलेली) दोरीही टिकत नाही. त्यातच रिव्हर्स अडवणारा क्लच सटकला, हँडल उलटं गरगरलं आणि बोटांवर आपटलं. दोरी तुटली, मासा गेला. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण हेच शेवाळलेल्या खडकावर, भरतीच्या वेळी झालं असतं तर? माझा खरा राग त्याबद्दल आहे. समुद्रावर मासा ओढत असताना माणूस त्या रीलवर विसंबून उभा असतो.

माझा आत्तेभाऊ होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने रील खोललं. बेअरिंग मोजून चार, बाकी ठिकाणी प्लास्टिकचे बुश. ड्रॅगमध्ये कोरडी, पातळ फेल्टची चकती. खारं पाणी आत जाऊन गिअरवर पांढरी पूड धरलेली, दात झिजलेले. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, 'समुद्राच्या पाण्याला वॉरंटी नसते.' जाहिरातीत मात्र 'खास समुद्रासाठी' लिहिलं होतं! त्यानंतर नंबर ब्लॉक.

आता रील हातात आलं की दोरी भरायच्या आधी एवढं कराच. हँडलचा एक पूर्ण फेरा द्या आणि रोटर, म्हणजे दोरी गुंडाळत फिरणारा पुढचा भाग, किती फिरतो ते मोजा. 6.2:1 असेल तर सहा फेरे होऊन थोडं पुढे जायला हवं. माझ्या रीलचे जेमतेम पाच झाले. मग वजन करा आणि कंपनीच्या अधिकृत यादीशी ताडून पाहा. या दोन खुणा लपवणं नकली माल करणाऱ्याला जड जातं, कारण रंग आणि अक्षरं छापता येतात, आतले गिअर स्वस्तात तसेच बनवता येत नाहीत. ड्रॅग हुकाच्या वजनकाट्याने ओढून बघा, काटा झटके न देता स्थिर राहिला पाहिजे. बेअरिंगच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. चार चांगली, गंज न धरणारी बेअरिंग असलेलं साधं रील बारा भिकार बेअरिंगच्या रीलपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकतं. बजेट कमी असेल तर ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर, तसलं साधं रील घ्या.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, चॅट पुसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथे भागलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला तरी चालतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार नोंदवून झाली आहे. खोललेलं रील, डबा आणि ती चिठ्ठी पुराव्यासाठी जपून ठेवली आहे. तुमच्याकडेही असं रील आलं असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नका, आयोगापुढे ठेवा.