वेलिगामाची लाट : सकाळी सातची वेगळी, दुपारी दोनची वेगळी

सिंहलीत ‘वेलि’ म्हणजे वाळू आणि ‘गम’ म्हणजे गाव. सर्फिंग शिकणाऱ्यासाठी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाचं सगळं महत्त्व या वाळूतच आहे. शेजारच्या मिदिगामात लाट प्रवाळाच्या खडकावर फुटते. तिथे पडलं तर पाय सोलतो, नाहीतर सागरी साळूचे काटे तळव्यात मोडतात. वेलिगामाच्या रुंद, दक्षिणेकडे उघडणाऱ्या उपसागरात लाट पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर फुटते आणि कमरेएवढ्या पाण्यातून किनाऱ्याकडे लांबवर फेसाळत येते. पहिल्यांदा बोर्डवर उभं राहायला शिकणाऱ्याला हवं ते हेच. मुंबईहून कोलंबोचं विमान आणि मग कोलंबो फोर्टहून किनाऱ्याकाठची रेल्वे एवढाच प्रवास आहे. स्टेशनातून पुळणीवर चालत जाता येतं.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे कोकण-गोव्यात हिवाळ्यात समुद्र निवळतो आणि लाटा मरगळतात, नेमकं तेव्हाच इथे चांगलं चालतं. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर उठलेल्या वादळांच्या लाटा इथवर येतात, आणि त्या काळात वारा ईशान्येचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा असतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा समोरून येतो. उपसागराच्या आडोशामुळे तेव्हाही पाण्यात उतरता येतं, पण लाट विस्कटलेली आणि पाणी गढूळ असतं. त्या महिन्यांत सुट्टी असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे गाठावं.

शाळेत पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे कामाला येतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. लाट उशिरा आणि स्वच्छ फुटते, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते कळतं. साधारण अकरानंतर खारा वारा सुरू झाला की त्याच लाटेवर खळबळ उठते, ती कुठेही फुटते आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काही चुकतंय. चूक वाऱ्याची असते. म्हणून साडेसहा-सातला पाण्यात असावं. आठ ते अकरा शिकवण्यांची गर्दी इतकी दाटते की लाटेपेक्षा दुसऱ्याच्या बोर्डाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

मुंबईत उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं. वेलिगामात भरती-ओहोटीतला फरक अर्धा-पाऊण मीटरच. पण दांड्यावर पाणी उथळ असल्यामुळे तेवढाही जाणवतो. पूर्ण ओहोटीला लाट जोरात, एका झटक्यात सरळ रेषेत कोसळते. पूर्ण भरतीला ती जाड, आळशी होते आणि किनाऱ्याला चिकटून फुटते. पाणी चढत असताना मधले दोन-तीन तास सर्वांत चांगले. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सोमवारी जमलेली वेळ शुक्रवारी जमत नाही.

लाटांचा अंदाज पाहताना लोक फक्त उंची बघतात, आणि तिथेच फसतात. उंचीइतकाच दोन लाटांमधला सेकंदांचा अवकाश महत्त्वाचा. एक मीटर आणि नऊ ते अकरा सेकंद हे शिकण्यासाठी उत्तम. दीड मीटर आणि पंधरा सेकंद असा आकडा दिसला तर नवशिक्याने त्या दिवशी किनाऱ्याजवळ, फुटून आलेल्या फेसातच सराव करावा. लांब अवकाशाच्या लाटेत ताकद जास्त असते, आणि वेलिगामाचा दांडा बऱ्यापैकी सरळ असल्याने अशी लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदमच कोसळते. बाजूला सरकायला लाटेची न फुटलेली भिंतच उरत नाही. या पुळणीची हीच खरी मर्यादा.

बोर्ड भाड्याने घेताना घाई करू नये. सत्तर किलोच्या माणसाला आठ ते नऊ फुटी फोमचा बोर्ड हवा. तो आडवा धरून वरच्या बाजूला कुठे भेग दिसते का बघावं आणि भेगेजवळ अंगठ्याने दाबावं. पाणी पाझरलं तर फोम आत भिजलेला आहे, बोर्ड जड झालाय, दुसरा मागावा. बोर्डाखालचे तिन्ही फिन, म्हणजे पंख, हाताने हलवून पाहावेत. सैल फिन पाण्यात निखळतो. बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीची, म्हणजे लीशची, वेलक्रो पट्टी वाळूने भरलेली असेल तर ती धरत नाही, आणि बोर्डाकडची बारीक दोरी झिजली असेल तर पहिल्याच मोठ्या लाटेत तुटते. आधीचे ओरखडे दुकानदारासमोर दाखवून फोटो काढावा आणि भाडं तासाचं की दिवसाचं ते आधीच बोलून घ्यावं.

पाण्यातल्या बहुतेक जखमा लाटेने होत नाहीत, स्वतःच्याच बोर्डने होतात. आत चालत जाताना बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नये, फेस तो थेट छातीवर आणतो. बोर्ड शरीराच्या बाजूला, टोक लाटेकडे. पडताना सूर मारायचा नाही, पसरट पडायचं आणि डोक्यावर हात घेऊन वर यायचं. लाट पकडताना बोर्डाचं नाक खाली खुपसत असेल तर छाती फार पुढे आहे किंवा उशीर झालाय. नाक आकाशाकडे आणि लाट खालून निघून जात असेल तर फार मागे झोपलात. नाक पाण्यापासून दोन-तीन इंच वर, ही खूण.

समुद्रात खेचणारी ओढ इथे सौम्य असते, पण असते. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गडद, शांत दिसतोय, तर पाणी तिथूनच समुद्रात परततंय. सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर हात मारा.

पश्चिमेकडे गावाच्या बाजूला, आपल्या उलांडीच्या होड्यांसारख्या मच्छीमार होड्या लागतात. त्यांचे दोर पाण्यात असतात, तिथे बोर्ड नेऊ नये. पूर्वेकडे पोलवत्ता नदी उपसागराला मिळते. जोराचा पाऊस झाला की तिच्या मुखाजवळचं पाणी मातकट होतं. तेव्हा एक-दोन दिवस तिथून लांब राहिलेलं बरं, कान आणि पोट दोन्ही वाचतात.

पहिले चार-पाच दिवस वेलिगामाला तोड नाही. न फुटलेली लाट स्वतःची स्वतः पकडून बोर्ड डावी-उजवीकडे वळवता यायला लागला, की मात्र इथे थांबून फारसं हाती लागत नाही. तेव्हा सकाळी लवकर टुकटुक करून अहंगामाजवळच्या कबालानाला जावं आणि पहिला अर्धा तास काठावर बसून लोक कुठून आत जातात, कुठून बाहेर येतात ते नीट बघावं.